गावरान कोंबडा वाळत चाललाय, बाकीच्यांना कसं वाचवू?

गिरणारे_मळा:
नमस्कार मंडळी, गिरणाऱ्याजवळ मळ्यात आमच्या ११ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, दीड वर्षाचा. दिवाळीत अडीच किलो भरला होता, काल काट्यावर ठेवला तर १ किलो ७०० ग्रॅम!! छातीचं हाड हाताला टोचतंय, तुरा फिका पडलाय, आरवणं जवळपास बंद. दाणे टाकले की कोंबड्यांना हाका मारतो आणि स्वतः मागंच राहतो. शिट पातळ आहे पण रक्त नाही. सगळ्यांना लेयर फीडच (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य) चालू आहे. महिन्यापूर्वी बाजारातून २ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणल्या आणि सरळ यांच्यातच सोडल्या, तिथंच चुकलं असं वाटतंय. आईनं पिल्लू असल्यापासून वाढवलाय, तिचा जीव लागत नाहीये.

दिंडोरीची_ताई:
दादा आजच वेगळा काढा त्याला, पण जाळीच्या पिंजऱ्यात, म्हणजे कोंबड्या दिसत राहतील, एकटा पडला तर अजून खाणं सोडेल. पाण्याचं भांडं वेगळं, आणि आधी निरोग्यांना दाणापाणी करून मग त्याच्याकडे जा. सकाळी दाण्याआधी गळ्याखालची पिशवी चाचपा, रात्रभरात रिकामी व्हायला हवी, भरलेली किंवा आंबूस वास येत असेल तर दुखणं तिथंच आहे. रात्री बॅटरी घेऊन पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी बघा, लाल माइट दिवसा दांडीच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात, तुरा त्यानंही फिका पडतो. ताजी शिट डबीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून आणा. जंत निघाले तर औषध सगळ्यांनाच द्यावं लागेल.

सिन्नर_पोल्ट्री:
लेयर फीड बंद करा भाऊ. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, ते अंड्यासाठी, कोंबड्याच्या किडनीवर त्याचा भार येतो. सगळ्यांना ग्रोअर फीड (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) द्या आणि कोंबड्यांसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, लागेल तेवढा त्या खातात. त्याला थोडं थोडं उकडलेलं अंडं, भिजवलेली बाजरी, दिवसातून तीन-चारदा. थंडी आहे, वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधा, अंगावर मांस नसलं की सगळं खाणं ऊब धरण्यातच जातं.

निफाडकर७:
एक सांगतो, आमच्याकडं मानमोडीनं (राणीखेत रोगानं) चार दिवसांत खुराडं रिकामं झालं होतं. हिरवी शिट, मान वाकडी किंवा एकदम दोन-तीन मेल्या तर कोणाला विकू नका, देऊ नका, लगेच १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनला फोन लावा. लस निरोगी पक्ष्यांनाच, आजारी असताना नको. आणि पुढच्या वेळी नवीन पक्षी महिनाभर लांब ठेवा.

गिरणारे_मळा:
सगळ्यांचे आभार. शिटेत जंताची अंडी निघाली, माइट नव्हते. डॉक्टरांनी वजनावर डोस काढून सगळ्यांना औषध दिलं, दोन आठवड्यांनी परत द्यायचंय, तोवर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही लिहून दिलंय. खालची भुशी काढून जाळली, चुना मारला. आज बारावा दिवस, १ किलो ९००. पहाटे आरवला, आई चूल सोडून बाहेर आली.