पानावरच्या करप्याचं मॉडेल की मेसची वेबसाइट?

अर्धवट_इंजिनिअर (धागाकर्ता):
कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन प्रोजेक्ट तयार आहेत. एक, टोमॅटोच्या पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारं मॉडेल. प्लांटव्हिलेज हा पिकांच्या पानांच्या फोटोंचा डेटासेट, रेझनेट हे फोटो ओळखणारं तयार मॉडेल, अचूकता ९८ टक्के. दुसरा, हॉस्टेलच्या मेसची वेबसाइट. आज जेवायला नाही हे सकाळी ६ पर्यंत कळवायचं, मावशी तेवढ्याच पोळ्या लाटतात. जँगोत बांधली, डेटा पोस्टग्रेसमध्ये, चार महिने ६० पोरं रोज वापरताहेत. गाइड म्हणतात, ब्लॅक बुकात, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालात, पहिलाच जाणार, मेसबिस डिप्लोमावाल्यांना करू दे. माझ्या मते वेबसाइट हाच खरा प्रोजेक्ट. बोला.

नागपुरी_तर्री:
गाइडचं बरोबर आहे. नाव टाका, नाव काढा, यादी दाखवा, एवढं तर आता एआयला सांगितलं की संध्याकाळपर्यंत करून देतं. त्यासाठी चार वर्षं कशाला घालवायची? मॉडेल करताना निदान गणिताशी गाठ पडते.

सॅंपल_साइज_एक:
कसलं गणित? तयार मॉडेल घेतलं, शेवटचा थर बदलला, रात्रभर चालवलं, झालं. आणि त्या ९८ टक्क्यांचं कौतुक नको. प्लांटव्हिलेजमधले ५४ हजारांवर फोटो हे तोडलेलं एकेक पान साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले आहेत. याच डेटावरच्या २०१६ च्या शोधनिबंधात अचूकता ९९.३५ टक्के होती. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली, आणि हे लेखकांनी स्वतःच लिहून ठेवलंय. धागाकर्त्या, शेतातलं पान दाखवलंस का कधी?

अर्धवट_इंजिनिअर:
दाखवलं. दिवाळीत गावी ४० फोटो काढले, १७ बरोबर आले. एका फोटोत पानापेक्षा माझा अंगठाच जास्त होता. त्याला उशिरा येणारा करपा झालाय, ८७ टक्के खात्रीने. म्हणून तर म्हणतो, वेबसाइट बरी.

नागपुरी_तर्री:
अरे, मग हाच तर प्रोजेक्ट! ४० फोटो, १७ बरोबर, का चुकलं ते शोध. वेबसाइट बिघडली की मेसमध्ये बोंब होते, लगेच कळतं. मॉडेल ९८ दाखवत बिनबोभाट चुकतं, ते पकडणं अवघड काम आहे. तू ते अर्ध्यात टाकून पोळ्या मोजायला पळतोयस.

अर्धवट_इंजिनिअर:
बोंब दरवेळी होत नाही. रात्री १ वाजता कुणी नाव काढलं की नोंद आदल्या दिवसाची व्हायची, कारण सेटिंग यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं. आपली वेळ साडेपाच तास पुढे, त्यामुळे मध्यरात्र ते साडेपाच सगळा घोळ. तीन आठवडे रोज पोळ्या उरत होत्या. मावशींना वाटलं पोरं खोटं बोलतात. पोरांना वाटलं मावशी मोजत नाहीत. कोडकडे कुणी बोटच दाखवलं नाही.

मुलाखतवाली:
फ्रेशर्सच्या मुलाखती घेते. टायटॅनिकवर कोण वाचलं ते ओळखणारं मॉडेल, सरावाचं तेच ८९१ ओळींचं टेबल, दर तिसऱ्या रिझ्युमेत. वाचायचंही सोडलं. यूटीसीचा किस्सा सांगणाऱ्याला मी पुढच्या राउंडला पाठवीन, पण कोड तपासणाऱ्या टेस्ट लिहिल्या होत्या का, हे आधी विचारीन.

अर्धवट_इंजिनिअर:
...नव्हत्या.

नागपुरी_तर्री:
😄 झाला ना सोक्षमोक्ष.

तेल्याग्रस्त:
आटपाडीकडचा डाळिंबवाला. मुलगा इंजिनिअरिंगला, म्हणून इथे डोकावतो. त्या डेटासेटात १४ पिकं आहेत, त्यांत डाळिंब नाही, कांदा नाही, कापूस नाही. सोयाबीन आहे, पण फक्त निरोगी पानं! दरवर्षी आमच्या पोरांचे प्रोजेक्ट 'शेतकऱ्यांसाठी' असतात आणि स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी ओळखून दाखवतात. डाळिंबावरचा तेल्या रोग बागेत शिरला की फळं तडकायला लागतात. त्याचं काय?

सॅंपल_साइज_एक:
काका, ह्याच्यावर बोलायला तोंड नाही.

नागपुरी_तर्री:
डेटा नसेल तर दोष मॉडेलचा कसा? गोळा करा ना.

तेल्याग्रस्त:
केलाय. हजारेक फोटो आहेत माझ्या मोबाइलमध्ये, तीन बहारांचे. कुठे तेल्या, कुठे नुसती मर (झाड वाळतं तो रोग), कुठे फवारणीचे डाग. ओळखून नावं लावायला मी बसेन, पण दुपारीच. पाठवू?

अर्धवट_इंजिनिअर:
पाठवा काका. मागची माती, ठिबकच्या नळ्या काही कापू नका. फोटो चढवायचं आणि नावं लावायचं पान मी या रविवारी करून देतो, जँगोतच. टेस्टसकट.