डॉज डब्ल्यूसी-५२ च्या ट्रान्स्फर केसला लो नसतो का?

सांगलीची_डॉज:
नमस्कार मंडळी. आजोबांनी लष्करी डिस्पोजलमधून घेतलेली विंचवाली (पुढे दोर ओढायची चरखी असलेली) लष्करी डॉज डब्ल्यूसी-५२ घरामागे पत्र्याखाली उभी आहे, यंदा तिला रस्त्यावर आणायचीच असं ठरवलंय. इंजिन फिरतंय पण ट्रान्स्फर केसपाशी (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना वाटणारी पेटी) गाडी अडलीय. काकांच्या विलीज जीपला मेन गिअरशेजारी दोन छोटे दांडे आहेत, एक पुढच्या अ‍ॅक्सलचा, दुसरा हाय-लोचा (लो म्हणजे कमी वेग, जास्त ओढ). माझ्याकडे पण दोन आहेत, एकाने पुढचा अ‍ॅक्सल लागतो पण दुसरा ओढला तरी चाकांना काहीच फरक पडत नाही. मिस्त्री म्हणतो लो गिअर तुटलाय, जुनी केस काढून जीपची बसवू. काय करू?

गिअर_ऑइल_९०:
अजिबात खोलू नका दादा! डब्ल्यूसी-५१ आणि ५२ ची ट्रान्स्फर केस सिंगल स्पीडच असते, कंपनीतूनच लो नाही, मग तुटणार काय. तुमचा दुसरा दांडा विंचच्या पीटीओचा (इंजिनची ताकद विंचला देणारी जोडणी) असणार, गाडीखाली झोपून बघा, गिअरबॉक्सच्या बाजूने एक शाफ्ट पुढे बंपरकडे गेलेला दिसेल. आणि लो नाही म्हणून हळहळू नका, गिअर रेशोंचा हिशोब बघा, गुणाकार जेवढा मोठा तेवढी ओढ जास्त. जीपचा पहिला गिअर २.६६५, लो १.९७, अ‍ॅक्सल ४.८८, गुणाकार साधारण २५.६. डॉजला चार गिअरचा बॉक्स, पहिला ६.४०, अ‍ॅक्सल ५.८३, म्हणजे ३७.३! जीप लोमध्ये टाकून जेवढी ओढते त्याच्या दीडपट तुमची डॉज नुसत्या पहिल्या गिअरमध्ये ओढते. लो खरा लागला तो ६ बाय ६ (सहाही चाकांना ताकद जाणाऱ्या) डब्ल्यूसी-६२/६३ ला, दीड टन माल वाहायचा म्हणून, त्यांना टू-स्पीड केस दिली.

जीपची केस बसवणं तर विसराच. ती केस (स्पायसर १८) गिअरबॉक्सच्या पाठीला थेट बोल्ट केलेली असते. डॉजची वेगळी, मागे चेसिसला लटकवलेली, मधे छोटा प्रोपेलर शाफ्ट.

कोथरूड_४x४:
वरच्यांशी सहमत. जीपवाल्या काकांना एक विचारा, गिअरबॉक्सचं ऑइल कमी आणि ट्रान्स्फरचं जास्त (किंवा उलटं) होतंय का? मधलं सील गेलं की दोघांचं तेल एकमेकांत जातं, माझ्या जीपचं मी सहा महिने वरून टॉपअप करत होतो, प्लग उघडला तेव्हा ट्रान्स्फरमधून धारच लागली. डॉजमधे दोन्ही वेगळे असल्याने ही भानगड नाही, पण दोन्हीचे प्लग वेगवेगळे उघडून लेव्हल बघा हं. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढचा अ‍ॅक्सल लावून वळू नका, मधे डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नाही, सगळं ताणलं जातं आणि मग दांडा निघता निघत नाही. अडकलाच तर थोडं रिव्हर्स घ्या, ताण सुटतो.

टेक्सासचा_मराठी:
इकडे माझ्याकडे एम३५ए२ आहे, अडीच टनी लष्करी ट्रक. तिची तर तिसरीच तऱ्हा. जुन्या केसमधे स्प्रॅग क्लच (एकाच दिशेने पकडणारा) असतो, मागची चाकं घसरली की पुढची आपोआप लागतात, ड्रायव्हरला काही करावं लागत नाही. नंतरच्या गाड्यांना हवेवर चालणारा स्विच आला. स्प्रॅगवाल्याला एकच पथ्य, सगळे टायर सारखे हवेत. मी मागे झिजलेले आणि पुढे नवे घातले होते, मागची चाकं जास्त फिरायला लागली, स्प्रॅगला वाटलं घसरतायत, सरळ रस्त्यावर पुढचा अ‍ॅक्सल लागून स्टिअरिंग जड झालं. लो आहे तिला, साधारण १.९८.

सांगलीची_डॉज:
मंडळी, आत्ताच टॉर्च घेऊन खाली झोपलो होतो. शाफ्ट आहे!! बंपरपर्यंत गेलाय, चिखलाने एवढा माखलेला की चेसिसचाच भाग वाटत होता. इंजिन हळू ठेवून दांडा लावला तर तो फिरतोय पण. मिस्त्रीला फोन करून केस खोलायचं काम थांबवलं. त्या चार गिअरच्या बॉक्सला सिंक्रो (गिअर टाकताना वेग आपोआप जुळवणारी यंत्रणा) नाही, बरोबर ना? आजोबा प्रत्येक गिअरला डबल क्लच मारायचे, लहानपणी पाहिलंय, ते आता शिकायला लागणार.

गिअर_ऑइल_९०:
बरोबर, सिंक्रो नाही. खाली उतरताना न्यूट्रलमधे क्लच सोडून थोडी रेस द्या, मग परत दाबून टाका. आधी मोकळ्या रानात सराव करा. विंचच्या शाफ्टचे क्रॉस (सांधे) पण ग्रीस करून घ्या.