मदत हवी आहे: भाचीला बोटीवर जायचंय, प्रशिक्षण संस्था कशी पारखायची?

नमस्कार मंडळी,

माझी भाची शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. गणित आणि भौतिकशास्त्र चांगलं आहे, आणि बोटीवर अधिकारी व्हायचं हे तिने पक्कं ठरवलंय. आमच्या घरात आजवर समुद्रावर कुणीच गेलेलं नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला इथपासून सुरुवात. ताई आणि भावोजी काळजीत आहेत. त्यांना मी समजावेन, पण त्याआधी मला स्वतःला नीट कळायला हवं, म्हणून हा धागा.

वाचून जे समजलं ते असं. व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे किमान निकष एसटीसीडब्ल्यू नावाच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत. करार १९७८ चा. १९९५ मध्ये त्यात मोठी फेररचना झाली आणि २०१० मध्ये मनिलाच्या परिषदेत पुन्हा मोठ्या दुरुस्त्या झाल्या. डेकवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या बाजूला, जायचं तर कॅडेट म्हणजे शिकाऊ म्हणून सुरुवात, पुढे थर्ड ऑफिसर, आणि बऱ्याच वर्षांनी कॅप्टन. इंजिनकडे गेलं तर चीफ इंजिनिअरपर्यंत. इथवर ठीक आहे.

अडतंय ते पुढे. ज्या संस्थांची माहितीपत्रकं आम्ही मागवली, त्या सगळ्याच 'मान्यताप्राप्त' आहेत, सगळ्यांकडे सिम्युलेटर आहे, सगळ्यांचे विद्यार्थी मोठ्या कंपन्यांत लागलेत. मग फरक ओळखायचा कसा? ही मान्यता देतं कोण? एका मध्यस्थाने तर फोनवर सांगितलं की फीबरोबर वेगळी रक्कम भरा, जहाज मिळवून द्यायची जबाबदारी आमची. मला ते ऐकूनच कसंतरी झालं, पण हीच रीत असेल तर माहीत असावं.

आणि जो प्रश्न ताई मोठ्याने विचारत नाही तो मीच विचारते. वीस-बावीस पुरुषांच्या जहाजावर एकटी मुलगी, तिची काळजी कोण घेतं? कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. गोड गोड उत्तर नको, खरं काय ते सांगा.

प्रतिसाद – सुकाणू

ताई, मी डेककडून निवृत्त झालोय. क्रमाने सांगतो.

मान्यतेचं आधी. आयएमओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, कुठल्याही संस्थेला मान्यता देत नाही. 'आयएमओ मान्यताप्राप्त' असं माहितीपत्रकावर छापलेलं दिसलं तर तिथेच सावध व्हा. मान्यता देतं ते त्या त्या देशाचं सागरी प्रशासन, आणि तीही प्रत्येक अभ्यासक्रमाला वेगवेगळी. म्हणून 'तुमची संस्था मान्यताप्राप्त आहे का' असं विचारू नका. 'हा अमुक अभ्यासक्रम, या वर्षीच्या तुकडीसाठी, कोणत्या प्रशासनाच्या यादीत आहे' असं विचारा आणि ती यादी प्रशासनाच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून बघा. संस्थेने दाखवलेली छापील प्रत पुरेशी धरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. संस्था देते तो अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा दाखला. अधिकारी म्हणून उभं राहायला लागतं ते सक्षमता प्रमाणपत्र, ज्याला आम्ही सीओसी म्हणतो. ते प्रशासन देतं, परीक्षा घेऊन, आणि त्याआधी समुद्रावरचा काळ मोजून. डेकच्या पहिल्या सीओसीसाठी मान्य प्रशिक्षण कार्यक्रमातून गेलेल्या कॅडेटला किमान १२ महिने जहाजावर काढावे लागतात. त्यातले निदान ६ महिने अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथे) वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, केलेला हवा, आणि सगळं काम ट्रेनिंग रेकॉर्ड बुकमध्ये सहीनिशी नोंदलेलं हवं. असा कार्यक्रम नसेल तर हेच १२ महिने ३६ होतात. काही प्रशासनं यापेक्षा जास्तही मागतात.

म्हणजे वर्गातला अभ्यास कितीही उत्तम झाला तरी कॅडेट म्हणून जहाज मिळालं नाही तर गाडी तिथेच थांबते. उत्तम गुण मिळवलेली, पुस्तकं पाठ असलेली मुलं जहाजाची वाट बघत घरी बसलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याकडे बघून फार वाईट वाटतं. अनुभवी माणसं हवीत असं कंपन्या म्हणतात, पण कॅडेटसाठी लागणारी केबिन, तिला शिकवायला लागणारा अधिकाऱ्यांचा वेळ हे द्यायला सगळ्या तयार नसतात.

तेव्हा संस्था शोधण्याआधी कंपनी शोधा. कॅडेटला प्रवेशाच्या वेळीच प्रायोजकत्व देणाऱ्या जहाज कंपन्या असतात. त्यांची परीक्षा आणि मुलाखत देऊन निवड झाली की कुठल्या संस्थेत जायचं ते बहुधा त्याच सांगतात. हा रस्ता कठीण आहे, पण मुलीत दम असेल तर आधी हाच धरावा.

प्रतिसाद – इंजिनवाला

सुकाणू यांच्याशी पूर्ण सहमत. मी दोन गोष्टी जोडतो.

एक पैही भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या, आणि ती मान्यताप्राप्त सागरी डॉक्टरकडूनच. चष्मा असला म्हणून लगेच बाद होत नाही, ठरावीक मर्यादेत चालतो. पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर डेकचा दरवाजा बंद होतो. रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिवा दिसला तर ती त्याची डावी बाजू, हिरवा दिसला तर उजवी, त्यावरून ते कुठे चाललंय ते ठरवायचं असतं. तिथे सवलत देता येत नाही. इंजिनला निकष थोडा सैल आहे, पण आहेच. अनेकांना हा दोष स्वतःला असल्याचं ठाऊकच नसतं आणि फी भरून झाल्यावर कळतं. मुलींमध्ये तो फार कमी आढळतो, तरी तपासा.

दुसरं, संस्था बघायला प्रत्यक्ष जा आणि स्वागतकक्षातून परत येऊ नका. वर्कशॉप उघडायला लावा. लेथ चालू आहेत की झाकून ठेवलेत? पंप मुलांनी खोललेले, पुन्हा जोडलेले दिसतात का? हात काळे झालेली मुलं दिसली तर मला त्या संस्थेबद्दल आदर वाटतो. आगीचं प्रशिक्षण कुठे होतं ते विचारा. धुराने भरलेल्या खोलीत श्वसनयंत्र लावून शिरणं, लाइफजॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारणं, उलटलेला लाइफराफ्ट सरळ करणं हे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणात करूनच दाखवायचं असतं. फळ्यावर शिकवून दाखला देणारी जागा असेल तर तिथे मुलीला पाठवू नका. त्या शिक्षणावर तिचा आणि तिच्या सोबत्यांचा जीव असतो.

शिकवणारे कोण आहेत आणि ते शेवटचे जहाजावर कधी होते, हेही विचाराच.

आणि तो मध्यस्थ! एमएलसी २००६ हा सागरी कामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ पासून लागू आहे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून किंवा अधिकाऱ्याकडून पैसे घेणं त्यात मना आहे. वैद्यकीय दाखला, सीफेअरर्स बुक (खलाशाची अधिकृत नोंदवही) आणि पासपोर्ट, एवढाच खर्च त्याच्या माथी येऊ शकतो. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा. पैसे घेऊन जहाज देतो म्हणणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवा. आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या जागतिक महासंघाची शिपबीशुअर नावाची मोहीम अशाच फसवणुकीबद्दल सावध करते, तिथली माहिती मुलीला वाचायला द्या.

प्रतिसाद – ध्रुवतारा

मी सेकंड ऑफिसर आहे, सध्या घरी. तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी खास लिहितेय, कारण माझ्या आईनेही तो मनातच ठेवला होता.

एकटं पडायला होतं, हे खरं आहे. बिम्को आणि आयसीएस या जहाज उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या २०२१ च्या अहवालात जगभरातले सुमारे १८ लाख ९० हजार सागरी कर्मचारी मोजलेत, त्यात स्त्रिया साधारण २४ हजार. तेव्हा अख्ख्या जहाजावर आपण एकटीच असणं नेहमीचंच. बहुतेक जहाजांवर मला माणसं चांगली भेटली. पण 'बहुतेक' या शब्दावर मुलीला सोडायचं नसतं, त्यासाठी व्यवस्था लागते.

जानेवारी २०२६ पासून एसटीसीडब्ल्यूच्या मूलभूत प्रशिक्षणात छळ, दादागिरी आणि लैंगिक अत्याचार रोखणं, त्यांना तोंड देणं हा भाग आलाय. संस्थेत विचारा की हा भाग कोण शिकवतं आणि किती गांभीर्याने. उत्तर देणारी व्यक्ती हसली तर उठून या. कंपनीला विचारा की तक्रार कॅप्टनविरुद्ध असेल तर ती किनाऱ्यावर नेमकी कुणाकडे जाते. चांगल्या कंपनीकडे याचं उत्तर तयार असतं. शक्य तिथे दोन मुली कॅडेट एकाच जहाजावर पाठवणाऱ्या कंपन्या आहेत, तेही विचारून बघा. वसतिगृहात मुलींची सोय कशी आहे, आधीच्या तुकड्यांतल्या मुली आज कुठे आहेत, त्यांच्याशी थेट बोलता येईल का? मागच्या तुकडीतल्या एका मुलीशी अर्धा तास बोलणं कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा मोलाचं ठरतं. आणि सीफेअररहेल्पचा नंबर तिच्या फोनमध्ये पहिल्या दिवसापासून असू दे. ही मदतसेवा चोवीस तास आणि मोफत आहे.

भाचीला माझा निरोप द्या: पहाटेचा वॉच संपत आला की सेक्स्टंट (ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजायचं उपकरण) घेऊन ब्रिजच्या पंखावर, म्हणजे बाजूला बाहेर आलेल्या भागावर, उभं राहायचं, क्षितिज दिसायला लागलेलं असतं आणि तारे अजून पुसलेले नसतात, तेवढ्या थोड्या मिनिटांत आपलं जहाज कुठे आहे ते काढायचं. जीपीएस असतो, तरी ते जमलं की जो आनंद होतो त्यासाठी मी अजूनही परत जाते.

मूळ प्रश्नकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. ध्रुवतारा, तुमचा प्रतिसाद मी ताईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की आधी डोळे तपासून घेऊ. माझ्या दृष्टीने हा होकारच आहे.

मध्यस्थाला नकार कळवला. आता प्रायोजकत्व देणाऱ्या कंपन्यांची यादी करायला बसलोय. एक शंका राहिली. भाचीला इलेक्ट्रॉनिक्सची फार आवड आहे आणि ईटीओ असं काहीतरी तिने वाचलंय. ती वाट डेकपेक्षा चांगली का?

प्रतिसाद – इंजिनवाला

ईटीओ म्हणजे इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर. २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनी या पदाला स्वतंत्र निकष दिले. मान्य कार्यक्रमातून वर्कशॉप आणि समुद्र मिळून १२ महिने, त्यातले किमान ६ महिने जहाजावर. जहाजांवर स्वयंचलित यंत्रणा वाढत चालल्यात, त्यामुळे काम भरपूर आणि विचारांना खाद्य देणारं आहे. पण दोन बाबी लक्षात घ्या. या वाटेने कॅप्टन किंवा चीफ इंजिनिअर होता येत नाही, त्यासाठी दुसरं सीओसी लागतं. आणि सहसा जहाजावर एकच ईटीओ असतो, काही जहाजांवर तर नसतोच, म्हणजे जागा मुळातच कमी. तिला जहाज चालवायचंय की जहाजातली यंत्रणा जिवंत ठेवायचीय, हे तिलाच विचारा. रंगांची तपासणी मात्र ईटीओलाही आहे. सगळं काम तारांचं.