सुझदल: हातात एकच दुपार, सोबत आई-बाबा. काय बघावं?

सांजवारा
सप्टेंबरअखेर आई-बाबा मॉस्कोला माझ्याकडे येतायत. एक दिवस मॉस्कोच्या पूर्वेची दोन जुनी गावं, व्लादिमिर-सुझदल, ठरवलाय. सकाळी व्लादिमिरच्या उस्पेन्स्की कॅथेड्रलमधली चित्रकार रुब्ल्योव्हची १४०८ ची भित्तिचित्रं, मग सुझदल, साधारण एक ते पाच. रात्रीची ट्रेन पकडायची असल्याने मुक्काम शक्य नाही. सुझदलचं जेवण, तिकिटं, टॅक्सी मिळून तिघांचे ६,००० रूबल. आईचा गुडघा दुखतो, बाबा शाकाहारी. कुठली चर्चेस बघू?

घाटमाथा
मुक्काम कराच! आम्ही दोन रात्री लाकडी घरात राहिलो, बान्यासकट (रशियन वाफेचं स्नानघर). पैसे गेले, पण पहाटे कामेंका नदीवर जे धुकं बघितलं ते दुपारच्या पाहुण्यांना कधीच दिसायचं नाही.

सांजवारा
मुक्काम शक्य नाही हो, वर लिहिलंय.

इवानोवोकर
इवानोवोला मेडिकलला होतो, सुझदल वाटेवरच, त्यामुळे दहा-बारा वेळा झालंय. सुझदलला रेल्वे नाही. १८६२ ला व्लादिमिरवरून लाइन पुढे नीझ्नी नोव्हगोरोदला गेली आणि सुझदल बाजूला राहिलं, म्हणून तर गाव इतकं जुनं टिकलं. व्लादिमिर स्टेशनसमोरूनच बस मिळते, तासाभराच्या आत पोचवते. पण सुझदलचा स्टँड गावाबाहेर, चौकापासून दोनेक किलोमीटर. आईंना तिथून चालवू नका.
क्रेमलिनमध्ये (सुझदलचा जुना किल्ला) निळ्या घुमटांवर सोनेरी चांदण्या असलेलं कॅथेड्रल आहे, १२२२ ते १२२५ मधलं. आत जाऊन दारं बघाच. तांब्याच्या पत्र्यावर सोन्याने काढलेले प्रसंग आहेत, तेराव्या शतकातले. एकेका चौकटीसमोर थांबा, गाइड घाई करतात.

पायपीट
+१ मुक्काम. आणि स्टँड खरंच लांब! ड्रायव्हरने आम्हाला तिथेच उतरवलं, धाकट्याला कडेवर घेऊन पावसात चौकापर्यंत आलो. आलो तो मंगळवार, दालनं बंद. वार आधी तपासा. भारतातली कार्डं चालत नाहीत, व्हिसा-मास्टरकार्ड मार्च २०२२ पासून बंद आहेत. डॉलर आणा.

सांजवारा
मी मॉस्कोतच नोकरीला आहे, कार्ड इथलंच आहे. वार तपासते, धन्यवाद.

रानवाट
सुझदल सोडा, व्लादिमिरजवळच्या बोगोल्युबोवोला जा. नेर्ल नदीकाठचं ११६५ चं पांढरं चर्च, आजूबाजूला नुसतं कुरण. मी पाहिलेलं रशियातलं सगळ्यात सुंदर ठिकाण.

इवानोवोकर
आणि त्या कुरणातून दीडेक किलोमीटर चालायचं, तेवढंच परत. गुडघ्याचं काय?

रानवाट
माझी आजी चालली होती, ७४ व्या वर्षी.

सुतारपक्षी
नदीपलीकडचं लाकडी वास्तूंचं संग्रहालय चुकवू नका. १७५६ चं चर्च कोझल्यात्येवो गावातून उचलून आणलंय, आणि एकही खिळा नाही!

घाटमाथा
खिळा नाही हे ओंडक्यांच्या जोडणीपुरतं. घुमटावरच्या ॲस्पेनच्या फळ्या खिळ्यांनीच बसवतात. दुरुस्ती चालू असताना मी जवळून बघितलंय.

सुतारपक्षी
गाइडने स्पष्ट सांगितलं होतं. असो. चंदेरी दिसतात त्या फळ्या, एवढं तरी मान्य करा.

खमंग
बाबांसाठी मशरूमचं सूप आणि ब्लिनी (पातळ धिरडी). "बेझ म्यासा" (मांसाशिवाय) म्हणा आणि सूप कशाच्या पाण्यात केलंय तेही विचारा. माझ्या वाटीत हाडाचं पाणी निघालं होतं, दोन घोट घेतल्यावर कळलं. चौकात आज्ज्या खारवलेल्या काकड्या विकतात, बडीशेपेच्या दांड्या आणि लसूण घातलेल्या, दाताखाली कुर्रकन वाजतात. मेदोवुखा मधाची असली तरी दारूच, बिनअल्कोहोलची वेगळी मागा.

दर्यावर्दी
अवांतर: मराठी माणसाने खरं तर त्वेरला जावं. रशियन व्यापारी अफानासी नीकितीन तिथला. पंधराव्या शतकात चौलला उतरला, जुन्नरला पावसाळा काढला.

इवानोवोकर
त्वेर मॉस्कोच्या पार दुसऱ्या दिशेला. धागा सुझदलचा आहे.
मूळ प्रश्न: क्रेमलिन, मग टॅक्सीने स्पास-एवफिमी मठ. तिथला घंटानाद ऐकाच, ठराविक वेळांना असतो. १६१२ ला पोलिश फौजेच्या ताब्यातून मॉस्को सोडवणाऱ्या सेनानी पोझार्स्कीची कबरही तिथेच.

पायपीट
घंटानादाला +१००. किदेक्शाला मात्र जाऊ नका. चार किलोमीटरवर एक अर्धंमुर्धं चर्च आहे, बाकी काही नाही. आम्ही दहा मिनिटांत निघालो.

सांजवारा
सगळ्यांचे आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. ते पीडब्ल्यूडीत होते, दगडी बांधकामातच आयुष्य गेलं. किदेक्शाचं चर्च ११५२ चं, त्या भागातलं अगदी सुरुवातीचं पांढऱ्या दगडाचं, हे कळल्यावर म्हणाले, तिथेच जायचं. तेव्हा क्रेमलिनची दारं, ब्लिनी आणि किदेक्शा. घंटानाद राहू दे.

इवानोवोकर
मठ सोडू नका हो. पुन्हा येणं होतं का?

सांजवारा
जाऊन आलो. व्लादिमिरपासूनच टॅक्सी केली, तरी ६,००० च्या आत बसलं. आई नदीकाठी बाकावर निवांत बसली. बाबांनी भिंतीला तळवा लावला आणि खालचा मूळ दगड कुठे संपतो, वरचं नंतरचं काम कुठे सुरू होतं ते मला बोटाने दाखवलं. शेजारचा घंटेचा मनोरा कललाय. बाबा तीन बाजूंनी फिरून त्याचा पाया बघत होते, टॅक्सीवाला हॉर्न देईपर्यंत. काकड्यांची बरणी मॉस्कोला आणलीय. @खमंग, उघडल्यावर किती दिवस टिकतात?