सातवीतल्या मुलाला वर्गात होणारा त्रास : शाळेकडे तक्रार नेमकी कशी करावी?

नाशिककर पालक (प्रश्न)

माझा मुलगा एका खासगी अनुदानित शाळेत सातवीत शिकतो. बोलताना तो थोडा अडखळतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातील तीन-चार मुलांनी त्याच्या अडखळण्याची नक्कल करायला सुरुवात केली. पुढे डबा लपवणे, वह्या फाडणे आणि आता मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाजवळ गाठून धक्काबुक्की करणे, इथवर गोष्ट गेली आहे. वर्गशिक्षकांकडून ‘या वयात मस्ती चालायचीच’ असे उत्तर मिळाले. नंतर मुख्याध्यापकांनी सर्वांना एकत्र बोलावून हात मिळवायला लावले, तेव्हापासून त्रास थांबला नाही, फक्त लपूनछपून होऊ लागला. त्या मुलांना शाळेतून काढा अशी मागणी करता येते का? लेखी तक्रार केल्यास मुलावर आणखी राग निघेल, अशी पत्नीला भीती वाटते. त्यांपैकी एकाचे वडील आमच्याच सोसायटीत राहतात. त्यांच्याशी थेट बोलावे का?

निवृत्त मुख्याध्यापिका

समोरासमोर समेट घडवणे ही आपल्या शाळांची फार जुनी सवय आहे. बरोबरीच्या दोन मुलांचे भांडण झाले असेल तर ती चालून जाते. पण जिथे एका बाजूला टोळके आणि दुसऱ्या बाजूला एकटा मुलगा आहे, तिथे त्याला त्यांच्यासमोर उभे करून ‘सांग, काय झाले?’ असे विचारणे म्हणजे त्याला गप्प बसायला लावणेच होय. प्रत्येक मुलाशी स्वतंत्रपणे बोलण्याचा आग्रह आपण धरावा.

त्रास कुठे आणि केव्हा होतो, हेही शाळेला नेमके सांगावे. स्वच्छतागृह, मागचा जिना, शाळा सुटल्यावरचे फाटक, म्हणजे मोठ्या माणसाची नजर पोहोचत नाही अशाच जागा बहुधा निघतात. नॉर्वेतील बर्गेन येथे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेअस यांनी 1983 पासून शाळांमध्ये असा त्रास रोखण्यासाठी जो कार्यक्रम राबवला, त्यात मधल्या सुट्टीतील देखरेखीला महत्त्वाचे स्थान होते. आपल्याकडे त्यासाठी सुट्टीत चहा पिण्याऐवजी दोन शिक्षकांची आळीपाळीने नेमणूक केली तरी पुष्कळ होते, आणि नेमके तेच कोणाला नको असते, हे मी अनुभवाने सांगते.

फिनलंडमधील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीना साल्मिवाल्ली यांच्या याच विषयावरील संशोधनाचा भर बघ्या मुलांवर आहे. नक्कल झाल्यावर हसणारे बाकीचे विद्यार्थी नसतील, तर नक्कल करणाऱ्याला त्यात रस उरत नाही. म्हणून संपूर्ण वर्गाला उपदेश करण्यापेक्षा आपल्या मुलाशेजारी बसतील, डबा खाताना सोबत राहतील अशी दोन समंजस मुले वर्गशिक्षकांनी निवडावीत. प्रकट वाचनाच्या वेळी एखादे शिक्षकच गालात हसत नाहीत ना, हेही मुलाला एकदा हळूच विचारून पाहा.

वकील, ठाणे

काढून टाकण्याची मागणी करू नये, कारण ती मान्य होऊ शकत नाही. शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येत नाही. तुकडी बदलणे, पालकांना बोलावणे, समुपदेशन करणे हे मात्र शाळेच्या हाती आहे.

महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, 1999 फक्त महाविद्यालयांसाठी आहे, असा समज सर्वत्र दिसतो. त्यातील शैक्षणिक संस्थेची व्याख्या मात्र त्याहून व्यापक असून चिडवणे, धमकावणे आणि इजा करणे या गोष्टी रॅगिंगमध्ये मोडतात. लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची आहे. तथ्य आढळल्यास विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची आहे. त्यामुळेच बारा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत पहिल्याच पत्रात या कायद्याचा आधार घेऊ नये, असे माझे मत आहे. पहिल्या पत्रात तारीखवार घटना, ठिकाणे आणि अपेक्षित उपाय एवढेच लिहावे, आणि पत्राच्या प्रतीवर शाळेचा शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. तोंडी तक्रारीचा मागमूस राहत नाही. मुलावर राग निघेल ही भीती रास्त असली, तरी शाळेला उत्तरदायी ठरवते ती ही पोचच.

पुढची पायरी म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती, जिच्या सदस्यांपैकी किमान तीन चतुर्थांश पालक असतात. त्यानंतर शिक्षण विभाग. बालकांसाठीची 1098 ही मदतवाहिनी चोवीस तास चालू असते.

माजी खेळाडू

एवढ्या कागदांची गरज काय? मुलाला ज्युदो शिकवा आणि एकदा उलट दोन ठेवून द्यायला सांगा. आमच्या वेळी असेच मिटत असे.

निवृत्त मुख्याध्यापिका

ज्युदो जरूर शिकवावा, त्याने मुलाचा आत्मविश्वास वाढेल. परंतु तीन-चार जणांसमोर एकट्याने हात उगारला तर मार त्यालाच बसतो, आणि वर शाळेच्या नोंदीत तोही ‘मारामारी करणारा’ ठरतो. ‘आमच्या वेळी मिटत असे’ हे ज्यांचे मिटले तेच सांगतात. ज्यांनी शाळा सोडली, त्यांना कोणी विचारलेले नसते.

नाशिककर पालक

आपणा सर्वांचा आभारी आहे. घटनांची नोंद आजपासून लिहायला घेतली आहे. शेजाऱ्यांविषयीचा प्रश्न मात्र राहिला.

वकील, ठाणे

आपण स्वतः त्यांच्या दारी जाऊ नये. आपल्या मुलाबद्दल तक्रार ऐकताना बहुतेक बाप प्रथम वकीलच होतात, आणि सोसायटीतील वाहनतळाचे जुने वाद त्यात मिसळले की मूळ मुद्दा हरवतो. पालकांना शाळेने शिक्षकांसमक्ष बोलवावे, अशी मागणी पत्रातच करावी. त्या मुलाला जाब विचारण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. लिफ्टमध्ये दिलेला एक दमही उद्या आपल्याविरुद्धच्या तक्रारीचे कारण होऊ शकतो.