हात मिळवून मिटवलेले भांडण आणि न थांबलेला त्रास: शाळेकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी?

अंगणवेल (प्रश्न)

माझा मुलगा सहावीत शिकतो. बोलताना तो अडखळतो. घरी आजोबांशी किंवा धाकट्या बहिणीशी गप्पा मारताना हे फारसे जाणवत नाही, परंतु वर्गात उभे राहून वाचायची वेळ आली की पहिल्याच अक्षरावर त्याचा आवाज अडकतो. गेली २ वर्षे आम्ही स्पीच थेरपिस्टकडे जात आहोत आणि पाचवीपर्यंत त्याची प्रगतीही चांगली होती. यंदा जूनमध्ये तुकड्या बदलल्या आणि नव्या तुकडीतील चार मुलांनी त्याला ‘बफरिंग’ असे नाव पाडले. मराठीच्या तासाला तो वाचायला उभा राहिला की मागच्या बाकावर बोटांनी मोजणी सुरू होते आणि तो किती वेळा अडखळला, तो आकडा मधल्या सुट्टीत मोठ्याने जाहीर केला जातो. व्हॅनमध्ये त्याला रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचायला लावतात. ऑगस्टमध्ये त्यांपैकी एकाने असे वाचन मोबाइलवर टिपले आणि वर्गातील मुलांच्या व्हॉट्सअॅप गटावर पाठवले.

मी मुख्याध्यापकांना भेटले. त्यांनी त्या मुलांतील म्होरक्याला आणि माझ्या मुलाला एकत्र कार्यालयात बोलावले, दोघांना एकमेकांना ‘सॉरी’ म्हणायला लावले आणि हात मिळवायला सांगून प्रकरण मिटल्याचे मला कळवले. माझ्या मुलाने एकदा चिडून त्याला ढकलले होते, म्हणून त्यानेही माफी मागावी, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यानंतर ‘सॉरी’ हाच शब्द त्याला चिडवण्यासाठी वापरला जाऊ लागला आहे. वर्गशिक्षिकांनी मला मुलाला जरा खंबीर करण्याचा सल्ला दिला, आणि व्हॅनमधील प्रकार शाळेच्या फाटकाबाहेर घडत असल्यामुळे त्याची जबाबदारी शाळेवर येत नाही, असेही सांगितले. गेल्या आठवड्यात तो दोनदा पोटात दुखते म्हणून घरी राहिला.

शाळा राज्य मंडळाची, खासगी विनाअनुदानित आहे. अशा वेळी शाळेने नेमके काय करणे अपेक्षित असते, मी लेखी काय द्यावे आणि व्हॅनचा प्रश्न खरोखरच शाळेच्या कक्षेबाहेरचा आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. शाळा बदलण्याचा विचारही मनात येतो, परंतु त्रास सोसणाऱ्यानेच उठून जावे, हे मला पटत नाही.

रानवाट

माझे मत कदाचित अनेकांना रुचणार नाही. मीही लहानपणी असा त्रास सोसला आहे आणि ज्या दिवशी मी एकाच्या कानाखाली लगावली, त्या दिवसापासून तो थांबला. आपल्या मुलाला कराटेच्या वर्गाला घालावे. शिक्षक सगळीकडे पुरे पडू शकत नाहीत.

जुनी शाळा

ताई, मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षे नोकरी केली आणि त्यांपैकी शेवटची ९ वर्षे मुख्याध्यापिका होते. आपल्या मुलाच्या शाळेने जे केले, तेच मीही एकदा केले आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आठवीतील एका मुलीची आई ज्या गल्लीत धुणीभांडी करत असे, त्याच गल्लीतील दुसरी मुलगी तिच्या वर्गात होती. ‘आमच्या घरची भांडी नीट निघत नाहीत, आईला सांग’ असे ती रोज सर्वांसमोर म्हणत असे आणि तिच्या मैत्रिणी हसत असत. तक्रार आल्यावर मी दोघींना बोलावले, एकमेकींचे हात हातात द्यायला लावले आणि दोघींना एकेक गोळी दिली. पुढे एकही तक्रार आली नाही, त्यामुळे मी समाधानात होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या मुलीचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘बाई, ती म्हणते, सांगितलं की पुन्हा तिचा हात धरायला लावतील.’ तक्रारी बंद झाल्या होत्या त्या त्रास संपला म्हणून नव्हे, तर माझ्याकडे येण्याची वाट मीच बंद केली होती म्हणून.

भांडण आणि छळ या दोन गोष्टी आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणात कधी वेगळ्या करून शिकवल्या गेल्या नाहीत. भांडणात दोघेही रागावलेले असतात, दोघांचे बळ थोडेफार सारखे असते आणि दुसऱ्या दिवशी ती मुले पुन्हा एकत्र डबा खाताना दिसतात. तिथे समेट घडवणे योग्यच असते. छळात मात्र एकाच बाजूने, पुन्हा पुन्हा आणि ठरवून त्रास दिला जातो, आणि ज्याला त्रास होतो त्याच्याजवळ तो थांबवण्याचे बळ नसते. चार मुले विरुद्ध एक अडखळणारा मुलगा, यात समेट कोणामध्ये घडवायचा? आपल्या मुलाने ढकलले, ते चूकच होते आणि त्याला तसे समजावावे. परंतु त्याच बैठकीत त्याला माफी मागायला लावल्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच तराजूत तोलल्या गेल्या.

पुढे मी पद्धत बदलली. तक्रार आली की प्रथम सोसणाऱ्याचे एकट्याचे, मग पाहणाऱ्या दोन-तीन मुलांचे आणि शेवटी त्रास देणाऱ्यांचे एकेकट्याचे म्हणणे ऐकत असे. हे सर्व शक्यतो एकाच दिवशी करत असे, कारण मध्ये मधली सुट्टी गेली की सर्वांची उत्तरे एकसारखी होतात. ऐकलेले तारखेनिशी वहीत लिहून ठेवत असे. आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने मी त्या मुलाला काहीतरी वेगळे निमित्त काढून, म्हणजे खडू किंवा हजेरीपट आणण्याच्या कामावर, बोलावून विचारत असे. तक्रारीसाठी बोलावले आहे हे वर्गाला कळू नये, एवढाच त्यामागे हेतू असे. एकदा सर्व मुलांना नाव न लिहिता चिठ्ठीवर फक्त एवढेच लिहायला सांगितले, की शाळेतील कोणत्या जागेची तुम्हाला भीती वाटते. निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांवर पाण्याच्या टाकीमागची जागा आणि सायकल स्टँड होते, आणि या दोन्ही ठिकाणी मधल्या सुट्टीत एकही शिक्षक उभा राहत नव्हता.

वाचनाबद्दल एक सुचवते. अडखळणाऱ्या अनेक मुलांना दुसऱ्या कोणाच्या आवाजात आवाज मिसळून वाचताना अडथळा कमी होतो. वर्गशिक्षिकांनी संपूर्ण वर्गालाच काही दिवस जोडीजोडीने वाचायला सांगितले, तर तो वेगळा दिसणार नाही आणि मोजणाऱ्यांना मोजायला काही उरणार नाही. मात्र हे करण्यापूर्वी त्याला स्वतःला विचारावे. आणखी एक गोष्ट लिहिताना मला वेदना होतात, तरीही लिहिते: तो वाचत असताना बाईंच्या चेहऱ्यावर काय असते, हेही त्याच्याकडून जाणून घ्यावे. शिक्षकाने एकदा घड्याळाकडे पाहिले किंवा ‘बस खाली, पुढचा वाच’ असे म्हटले, तरी वर्गाला हसण्याची मुभा मिळते.

रानवाट, आपले अनुभव मी नाकारत नाही. कराटे शिकून मुलाचा आत्मविश्वास वाढत असेल तर अवश्य शिकवावे. पण चौघांपुढे एकाने हात उगारला, तर शाळेच्या दप्तरी नोंद त्याच्याच नावाने होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

उंबरठा

मी दुसऱ्या बाजूचा पालक आहे. तीन वर्षांपूर्वी माझा मुलगा सातवीत असताना एका मुलाचा डबा रोज काढून घेणाऱ्यांमध्ये तो होता. शाळेतून बोलावणे आले तेव्हा ‘माझा मुलगा असा नाही’ हेच माझे पहिले वाक्य होते. घरी येऊन मी त्याला पट्ट्याने मारले. याची मला आजही लाज वाटते, आणि त्याचा परिणाम असा झाला, की दुसऱ्या दिवशी त्याने त्या मुलाला मधल्या सुट्टीत गाठून ‘तुझ्यामुळे मार खाल्ला’ म्हणून आणखी त्रास दिला.

त्यानंतर शाळेच्या समुपदेशकांनी जे केले, ते उपयोगी पडले. त्यांनी माझ्या मुलाला गुंड वगैरे काहीही म्हटले नाही. कोणत्या दिवशी काय घडले, ते त्यांनी वाचून दाखवले आणि हे आजपासून थांबले पाहिजे, असे शांतपणे सांगितले. त्या टोळीला एका बाकावरून आणि एका क्रीडासंघातून वेगळे केले. सहा आठवडे दर शुक्रवारी आम्हा दोघांना १० मिनिटांसाठी शाळेत यावे लागे. दुकान बंद ठेवून जाण्याचा मला त्रास होत असे, पण त्यामुळेच मुलाला हे प्रकरण टळणार नाही हे कळले. हळूहळू हेही उघड झाले, की त्याचा मोठा चुलतभाऊ घरी त्याच्याशी तसेच वागत होता आणि आम्ही ते थट्टा समजून सोडून देत होतो.

ताई, त्या चार मुलांच्या पालकांना आपण स्वतः फोन करू नये, ही विनंती. माझ्यासारखा माणूस प्रथम भांडायलाच उठतो. ते शाळेनेच कळवावे आणि आपल्या मुलाच्या तक्रारीवरून कळले असे न सांगता शाळेच्या निदर्शनास आले असे सांगावे.

शमी

मी शालेय समुपदेशक म्हणून काम करते. नियमांविषयी जे विचारले आहे, त्याचे उत्तर देते.

प्रथम व्हॅन. महाराष्ट्रात शालेय वाहतुकीसाठी २०११ पासून स्वतंत्र नियम लागू आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत शालेय परिवहन समिती असावी लागते. तिचे अध्यक्षपद मुख्याध्यापकांकडे असते आणि पालकांचे प्रतिनिधीही तिच्यावर असतात. त्यामुळे हे फाटकाबाहेरचे म्हणून हात झटकता येत नाहीत. ‘या समितीची पुढील बैठक केव्हा आहे आणि माझे पत्र तिच्यापुढे ठेवावे’ एवढे वाक्य लेखी द्यावे. शिवाय जो त्रास व्हॅनमधून व्हॉट्सअॅपवर आणि तेथून वर्गात येतो, तो मुळात वर्गातील मुलांच्या संबंधांचा प्रश्न आहे.

शाळेतील मुलांनी मुलांना दिलेल्या त्रासासाठी आपल्याकडे वेगळा केंद्रीय कायदा नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करते, परंतु त्याचा रोख प्रामुख्याने मोठ्यांच्या वागणुकीवर आहे. सीबीएसईने २०१५ मध्ये आपल्या शाळांना अशा प्रकारांविरुद्ध समिती नेमण्यास सांगितले. ते परिपत्रक राज्य मंडळाच्या शाळेला बंधनकारक नाही, तरी नमुना म्हणून दाखवता येते. राज्यात २०२२ च्या निर्णयानुसार शाळांमध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असावी लागते, आणि बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने तक्रारपेटी, सीसीटीव्ही आणि या समितीबाबत पुन्हा आदेश दिले. शाळेने दाद दिली नाही तर शिक्षणाधिकारी आणि त्यानंतर राज्य बाल हक्क संरक्षण आयोग हा मार्ग आहे. मुलाला स्वतःला बोलावेसे वाटले तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

पोलिसांत जाण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला असेल तर एवढे लक्षात घ्यावे, की भारतीय न्याय संहितेनुसार ७ वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही आणि ७ ते १२ या वयात मुलाची समज पाहिली जाते. तसेच आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे. म्हणून ‘त्यांना काढून टाका’ अशी मागणी पत्रात करू नये. ती नाकारणे शाळेला सोपे जाते आणि बाकीचे मुद्देही तिच्याबरोबर बाजूला पडतात.

बाईंनी भांडण आणि छळ यांतला जो फरक अनुभवातून सांगितला, तोच फरक डॅन ओल्वेयस या संशोधकांनी नॉर्वेत अभ्यासातून मांडला होता. १९८२ च्या अखेरीस तेथील तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या आणि १९८३ मध्ये देशभर मोहीम सुरू झाली. ओल्वेयस यांचा शाळांसाठीचा कार्यक्रम त्यातूनच उभा राहिला. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात तयार झालेला ‘किवा’ हा कार्यक्रम आणखी एक पाऊल पुढे गेला. त्याचा भर पाहणाऱ्या मुलांवर आहे. मोजणी करणारे मागच्या बाकावरचे चारच जण असतात, परंतु आकडा जाहीर झाल्यावर हसणारे वीस असतात, आणि त्या हसण्यासाठीच तो आकडा मोजला जातो. त्या कार्यक्रमात वर्गातील एखाद-दुसऱ्या मान असलेल्या विद्यार्थ्याला शिक्षक खासगीत बोलावतात आणि सोसणाऱ्या मुलाच्या शेजारी बसण्याची, त्याच्याबरोबर चालण्याची विनंती करतात. याला खर्च येत नाही आणि शासन निर्णयाचीही वाट पाहावी लागत नाही.

पत्रात तारीख, जागा, काय घडले आणि कोणी पाहिले, एवढेच असावे. ध्वनिफीत पुढे कोणाला पाठवू नये, मात्र ती ज्या गटावर आली त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. पत्राच्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा.

अंगणवेल

सर्वांचे मनापासून आभार. उंबरठा, आपण हे लिहिलेत त्यासाठी विशेष आभार. मी खरोखरच आज त्या पालकांना फोन करणार होते.

काल रात्री मुलाबरोबर बसून तारखा लिहून काढल्या. ‘जुनी शाळा’ यांनी सुचवल्याप्रमाणे वाचनाच्या तासाबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला, की वर्गातल्या बाई हसत नाहीत, पण तो अडखळला की त्याचे वाक्य त्या स्वतःच पूर्ण करतात आणि ते त्याला आवडत नाही. हे मला माहीत नव्हते. जोडीने वाचण्याची कल्पना त्याला चालेल, पण जोडीदार त्याला स्वतः निवडायचा आहे. कोण, असे विचारल्यावर त्याने व्हॅनमधील एका मुलाचे नाव सांगितले, जो पाट्या वाचायला लावणे सुरू झाले की काही न बोलता दप्तर मांडीवर घेऊन आपल्या शेजारी त्याच्यासाठी जागा करतो. पत्रात जिथे पाहणाऱ्यांचा उल्लेख करायचा आहे, तिथे त्या मुलाचे नाव घालावे की नाही, हे ठरत नाही. त्यामुळे तोही अडचणीत येईल का?

जुनी शाळा

पत्रात नाव घालू नये. मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा तोंडी सांगावे आणि वर्गशिक्षिकांनी त्या मुलाशी एकट्याने बोलावे, अशी विनंती करावी. वाक्य पूर्ण करण्याबद्दल मात्र बाईंना आपण स्वतःच सांगावे. मुलाला मदत होईल असे समजून त्या ते करत असतील, आणि नुसते कळले तरी त्या थांबतील.