जुन्या थिंकपॅडच्या बॅटरीत कोणते सेल टाकावेत?

लातूरकर_निवांत
थिंकपॅड टी430 लॅपटॉप आहे, 2012 सालचं मॉडेल. मशीन ठणठणीत, बॅटरी मात्र बसली. लाइट गेली की चहा उकळेपर्यंतही टिकत नाही. पॅक 6 सेलचा, 10.8 व्होल्टचा. गंजगोलाईजवळचा एक कारागीर म्हणतो, सेल आणून द्या, बदलून देतो. ऑनलाइन 9900 एमएएच क्षमतेचे 18650 मापाचे सेल स्वस्तात दिसतायत. घ्यावेत का?

परभणीचे_तात्या
9900 वाचलं की ते पान बंद करायचं. 18 मिमी जाड आणि 65 मिमी लांब नळकांड्यात नावाजलेल्या कंपन्यासुद्धा 3500 एमएएचच्या आसपास येऊन थांबतात. अस्सल सेल 45 ते 50 ग्रॅम भरतो. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवून बघा, लई हलका भरला तर समजून जा.

नांदेड_रिपेअर
तात्या बरोबर बोलले, पण खरी गोम पॅकमधल्या, चार्जिंगवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटात आहे. तुमचा पॅक म्हणजे दोन-दोन सेल समांतर, असे तीन गट एकापुढे एक. सेल काढले की बऱ्याच पॅकचं सर्किट कायमचं लॉक होतं, मग नवे सेल टाकूनही चार्जिंग होत नाही. कारागिराला आधी हेच विचारा: लॉक उघडता येतं का? 'बघू की' म्हणाला तर पॅक हातात देऊ नका.

सेल सॅमसंग, एलजी किंवा पॅनासोनिकचे, 2600च्या आसपासचे घ्या. सहाही एकाच लॉटचे. 3500चे टाकले तरी सर्किट जुन्याच क्षमतेच्या हिशोबाने मोजतं, जादा पैसे वाया जातात. पूर्ण चार्ज 4.35 व्होल्टला होणारे नकोत, 4.2चेच हवेत. ड्रिल मशीनचे जादा अँपिअरवालेही नकोत, लॅपटॉपला त्यांचा उपयोग नाही. जोडणी निकेलपट्टीवर स्पॉट वेल्डिंगनेच. सेलवर सोल्डरिंगचं तापलेलं आयर्न टेकवणारा दिसला की उठून या.

लातूरकर_निवांत
धन्यवाद दादा. विंडोजच्या पॉवरसीएफजी कमांडने बॅटरी रिपोर्ट काढला: डिझाइन म्हणजे मूळ क्षमता 56160 मिलिवॉट-तास, आता फुल चार्ज 11 हजारांच्या आत. तयार पॅकच घेतला तर?

नांदेड_रिपेअर
मग तर सेल मेलेच आहेत. तयार पॅक चालेल, पण टी430चं बायोस, म्हणजे मशीनमधलं मूळ सॉफ्टवेअर, दुसऱ्या कंपनीच्या बॅटरीला चार्ज करायला नकार देतं. त्यामुळे परत घेण्याची हमी लेखी घ्या.

परभणीचे_तात्या
आणि काहीही घेतलं तरी चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवा, थिंकपॅडमध्ये ती सोय आहे. मे महिन्यात गाडीत ठेवून बाजारात जाऊ नका. आपल्याकडच्या उन्हात भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.